'टच' म्हणजे न वाचता केलेली सही: फेल्डमन यांचा 'मेक' पुन्हा वाचताना



या ब्लॉगवर आपण एखादा शोधनिबंध घेतो आणि तो कसा वाचायचा ते बघतो. पेट झालीय, नेट-सेटचा अभ्यास चालू आहे, गाइड शोधणं चालू आहे, अशांसाठी हे लिखाण असतं. आजचा निबंध जुना आहे, 1979 चा. स्टुअर्ट फेल्डमन यांनी 'मेक' या आपल्या प्रोग्रामवर लिहिलेला आणि 'सॉफ्टवेअर: प्रॅक्टिस अँड एक्स्पीरियन्स' या नियतकालिकात आलेला. दहा-अकरा पानांचा आहे. गणित नाही, सिद्धांत नाही, भाषा सोपी. तुमच्यापैकी बहुतेकांनी 'मेक' वापरलंय, पण हा निबंध वाचलेला नसणार. मीही वाचला नव्हता. पीएचडीच्या दुसऱ्या वर्षी माझ्या एका तक्त्याची वाट लागली, तेव्हा वाचला.

आधी तो तक्ता सांगते, कारण माझी या निबंधावरची टीका तिथूनच सुरू होते.

माझा सुंदर तक्ता

माझं काम प्रोग्राम तपासणाऱ्या प्रोग्रामवर आहे. कोड न चालवता, नुसता वाचून त्याबद्दल काय सांगता येतं, हा विषय. त्यासाठी मी सी प्लस प्लसमध्ये एक साधन लिहिलंय. दीडशेच्या आसपास फायली, आणि माझ्या जुन्या लॅपटॉपवर सगळं पहिल्यापासून कंपाइल करायला पाऊण तास.

हे साधन एकेका फंक्शनवर फेऱ्या मारतं. उत्तर स्थिर झालं की थांबतं. ठरलेल्या मर्यादेपर्यंत स्थिर झालं नाही, तर ते फंक्शन सोडून देतं. ही मर्यादा एका हेडर फाइलमध्ये लिहिलेली होती: 8. एका सकाळी मी ती 20 केली. जास्त फेऱ्या, जास्त वेळ, पण जास्त फंक्शन्स पूर्ण होतील, असा हिशोब. लगेच कंपाइल केलं नाही. जेवायला गेले. परत येऊन त्याच हेडरमध्ये एक कॉमेंट लिहिली. ते हेडर जवळजवळ सगळ्या फायलींमध्ये घेतलेलं, म्हणजे एका कॉमेंटसाठी पाऊण तास जाणार. मग मी एक युक्ती केली, जी मला लॅबमधल्या एका सीनियरनं शिकवली होती: 'मेक -टी'. याचा अर्थ असा की काहीही कंपाइल करू नकोस, फक्त सगळ्या ऑब्जेक्ट फायलींच्या तारखा आत्ताच्या कर. मेकला वाटतं सगळं ताजं आहे. दोन सेकंदांत काम झालं.

सकाळचा 20 मी विसरले होते.

संध्याकाळी निकाल मोजणाऱ्या फाइलमध्ये थोडा बदल केला. ती एकटी नव्यानं कंपाइल झाली, म्हणजे तिला नवा 20 मिळाला. फेऱ्या थांबवणारी फाइल जुन्या 8 वरच राहिली. आता काय झालं बघा. आठव्या फेरीला साधन फंक्शन सोडून द्यायचं. मोजणारा भाग बघायचा, हे विसाला पोचलेलं नाही, म्हणजे त्याआधीच स्थिर झालं असणार, म्हणून तो त्याला 'पूर्ण' धरायचा. तक्त्यात वेग आठ फेऱ्यांचा आणि यश वीस फेऱ्यांपेक्षाही जास्त. इतका छान तक्ता मी आजवर काढला नव्हता.

तीन आठवडे तो तक्ता मसुद्यात होता. गाइडनी एकच प्रश्न विचारला, "वेळ वाढली कशी नाही?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. घरी येऊन ऑब्जेक्ट फायलींची यादी तारखेसकट काढली, तेव्हा दिसलं की मोजक्या सोडल्या तर सगळ्यांची वेळ एकाच मिनिटातली. पाऊण तास लागणारं काम एका मिनिटात झालंय, असं फायली सांगत होत्या. पहिल्यापासून कंपाइल केलं. तक्ता साधारण झाला. सबमिशनला दोन दिवस होते. तो भाग काढून टाकला.

चूक माझी. त्यात वाद नाही. पण चूक झाल्यावर संशोधकानं पुढचा प्रश्न विचारायचा असतो: ही चूक इतकी सोपी का होती? आणि झाल्यावर कुणीच का ओरडलं नाही?

मेक नेमकं काय करतं

ज्यांनी वापरलं नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. समजा तुमच्याकडे गणित करणारी एक फाइल आहे, मुख्य फाइल आहे आणि दोघींना लागणारं एक हेडर आहे. प्रत्येक सी फाइलपासून एक ऑब्जेक्ट फाइल बनते, आणि त्या जोडून प्रोग्राम बनतो. मेकफाइलमध्ये तुम्ही लिहिता: कोणती फाइल कशावर अवलंबून, आणि ती बनवायची कशी. मेक एवढंच बघतं की बनलेल्या फाइलपेक्षा तिचा कच्चा माल नव्या तारखेचा आहे का. असेल तर पुन्हा बनव. नसेल तर हात लावू नको. 'तारीख' म्हणजे फाइल शेवटची कधी लिहिली गेली ती वेळ, जी फाइल सिस्टिम स्वतःच नोंदवते.

हे आलं कुठून? 1976 साली बेल लॅब्समध्ये 'याक'चे कर्ते स्टीव्ह जॉन्सन वैतागून फेल्डमन यांच्याकडे आले. अख्खी सकाळ ते एका बरोबर असलेल्या प्रोग्राममधली चूक शोधत बसले होते. चूक आधीच दुरुस्त झाली होती, पण ती फाइल पुन्हा कंपाइलच केलेली नव्हती. फेल्डमन यांचाही तसाच वेळ गेला होता. त्यातून मेक जन्मलं. 2003 मध्ये फेल्डमन यांना त्यासाठी एसीएमचा सॉफ्टवेअर सिस्टिम पुरस्कार मिळाला.

लक्षात घ्या, मेकचा जन्म झाला तो नेमकी माझी चूक टाळण्यासाठी. जुनी ऑब्जेक्ट फाइल, नवा सोर्स, आणि मध्ये बसलेला गोंधळलेला माणूस.

आधी श्रेय द्या

टीका करायची म्हणजे पहिल्या वाक्यापासून झोडपायचं, असं नवख्यांना वाटतं. व्हायव्हाला बसलेले परीक्षकही कधी कधी तसं करतात. पण एखाद्या कामावर बोलताना आधी विचारा, त्या वेळी, त्या यंत्रावर, याहून चांगलं काही शक्य होतं का?

1976 च्या यंत्रावर प्रत्येक फाइल आतून वाचून ती बदलली का हे तपासणं फार महाग पडलं असतं. तारीख मात्र फुकट मिळत होती. फाइल उघडायचीही गरज नाही, नुसती फाइल सिस्टिमनं ठेवलेली नोंद बघायची. वेगळी नोंदवही ठेवायची नाही, डेटाबेस नाही. दोन तारखांची तुलना, बस्स. आजही लाखो प्रोजेक्ट त्यावर चालतात. एवढ्या कमी सामानात एवढं काम करणारी कल्पना क्वचित सापडते.

आता टीका.

तारीख आणि बदल या दोन वेगळ्या गोष्टी

मेकला जाणून घ्यायचंय 'मजकूर बदलला का?' पण ते विचारतं 'तारीख नवी आहे का?' एका प्रश्नाच्या जागी दुसरा, सोपा प्रश्न. संशोधनात याला प्रॉक्सी म्हणतात. प्रॉक्सी वापरणं चूक नाही, सगळेच वापरतात. चूक होते ती प्रॉक्सी आहे हे विसरल्यावर.

आमच्याकडे वारणानगरला हे समजवायला ऊस पुरतो. लागण झाली की कारखान्याचा चिटबॉय येऊन नोंद घेतो: गट नंबर, क्षेत्र, जात, लागणीची तारीख. आडसाली असेल तर जुलै-ऑगस्टची, पूर्वहंगामी ऑक्टोबर-नोव्हेंबरची, सुरू जानेवारी-फेब्रुवारीची. साखर पट्ट्यात तोडीचा क्रम लावताना ही तारीख मोठा आधार असते. का? कारण हजारो प्लॉटांमधला रस रोज तपासणं शक्य नाही, आणि तारीख कागदावर तयार असते. पण खरी विचारायची गोष्ट असते ऊस पक्व झाला का. एकाच दिवशी लावलेल्या दोन प्लॉटांत को 671 लवकर साखर धरते आणि दुसरी एखादी जात मागं राहते. जमीन, पाणी, खत, सगळ्याचा फरक पडतो. म्हणून तोडीआधी रिफ्रॅक्टोमीटरवर रसाचा थेंब टाकून ब्रिक्स बघतात. तारीख ही प्रॉक्सी, ब्रिक्स म्हणजे आतला मजकूर.

मी हे आण्णांना सांगत होते, मोठ्या उत्साहानं. ते म्हणाले, "तारीख कागदाला म्हाईत असती. उसाला काय म्हाईत?" माझ्या प्रबंधाच्या एका प्रकरणाचा सारांश त्यांनी चहा संपायच्या आत केला.

तर तारीख कुठे कुठे फसते ते बघू. इथे दोन प्रकार वेगळे ठेवा, कारण त्यांची किंमत वेगळी आहे.

पहिला प्रकार, विनाकारण काम. मजकूर तोच, तारीख नवी. गिटवर तुम्ही दुसऱ्या ब्रँचवर गेलात आणि परत आलात, तर बदललेल्या फायली गिट पुन्हा लिहितं आणि त्यांना आत्ताची वेळ मिळते. मजकूर जसाच्या तसा, पण मेक पुन्हा सगळं कंपाइल करतं. यात वेळ जातो, उत्तर चुकत नाही.

दुसरा प्रकार, राहून गेलेलं काम. मजकूर वेगळा, तारीख जुनी. बॅकअपमधून कालची फाइल तारखेसकट परत आणली, टार फाइल उलगडली, तर मजकूर बदलतो पण तारीख जुनीच येते. मेक म्हणतं सगळं ताजं आहे. फायली नेटवर्कवरच्या दुसऱ्या मशीनवर असतील आणि दोन्ही घड्याळांत फरक असेल, तरी असंच होतं. ग्नू मेक तेव्हा 'क्लॉक स्क्यू'चा इशारा देतं आणि आपण तो न वाचता पुढे जातो. फॅट फाइल सिस्टिमवर तर लिहिण्याची वेळ दोन सेकंदांच्या टप्प्यानं नोंदवली जाते, त्यामुळे त्या दोन सेकंदांत झालेला बदल दिसतच नाही. कंपायलरला दिलेले पर्याय बदलले, कंपायलरच नवा आला, तर त्याची तारीख मेकफाइलमध्ये नसतेच. यात वेळ वाचतो आणि उत्तर चुकतं.

पहिला प्रकार त्रासदायक. दुसरा घातक. आणि माणसाला राग नेहमी पहिल्याचा येतो. दुसरा दिसतच नाही. त्यामुळे आपण पहिला टाळायला जातो आणि दुसऱ्यात पडतो. माझं अगदी असंच झालं.

टचचे तीन चांगले उपयोग

'टच' ही युनिक्सची छोटी कमांड. फाइलला आत्ताची तारीख देते. फाइल नसेल तर रिकामी तयार करते. हवी ती तारीख देता येते, दुसऱ्या फाइलची तारीख उचलूनही लावता येते. ती मुळात वाईट नाही. तीन ठिकाणी ती लागतेच.

एक, जबरदस्तीनं कंपाइल करवून घ्यायला. सोर्स फाइलला टच केलं की मेक ती पुन्हा बनवतं. इथे झाली तर पहिल्या प्रकारची चूक होते, म्हणून निर्धोक.

दोन, शिक्का म्हणून. एखाद्या कामातून ठरावीक एक फाइल निघत नाही, पण ते काम झालं हे लक्षात ठेवायचंय. मग एक छोटी शिक्का-फाइल ठेवायची आणि काम झालं की तिची तारीख नवी करायची.

तीन, तारखा निरर्थक झाल्यात हे माहीत असताना त्या नीट लावायला. याचं सगळ्यात चांगलं उदाहरण जीसीसी कंपायलर. आयआयटी मुंबईत प्रा. उदय खेडकर यांच्या पुढाकारानं जीसीसी रिसोर्स सेंटर चाललं, आणि 'इसेन्शियल अ‍ॅब्स्ट्रॅक्शन्स इन जीसीसी' या नावानं कार्यशाळा झाल्या. जीसीसीची बांधणी समजून घ्यायची असेल तर त्यांच्या स्लाइड्स जरूर शोधून वाचा. मला त्यातून कळलं की जीसीसीच्या झाडात काही फायली माणसांनी लिहिलेल्या आहेत आणि काही यंत्रानं बनवलेल्या. बनवलेल्यांपैकीही काही, उदाहरणार्थ 'कॉन्फिगर' ही स्क्रिप्ट, सोर्सबरोबरच ठेवलेल्या असतात, म्हणजे प्रत्येकाला ती बनवणारं ऑटोकॉन्फ नेमक्या आवृत्तीत लागू नये. आता गिटनं सोर्स उतरवला की तारखांचा क्रम कसाही लागतो. 'कॉन्फिगर' तिच्या मूळ फाइलपेक्षा जुनी दिसली, तर मेक तुमच्याकडे नसलेलं ऑटोकॉन्फ शोधत बसणार. म्हणून जीसीसीबरोबर 'जीसीसी अपडेट' नावाची एक स्क्रिप्ट येते. तिला टचचा पर्याय दिला की ती बनवलेल्या फायलींच्या तारखा योग्य क्रमानं लावते.

हा टच आणि माझा टच, दोन्हींत कमांड एकच. फरक कुठे? जीसीसीवाल्यांनी दोन्ही फायली एकमेकींशी जुळतात याची जबाबदारी आधी घेतलीय आणि मग तारीख लावलीय. मी काहीही न बघता लावली. टच म्हणजे 'हे बरोबर आहे, मी सांगतो/सांगते' अशी सही. कागद वाचून सही करणं वेगळं, आणि गठ्ठा समोर आला म्हणून करत सुटणं वेगळं.

जीसीसीत याहून हुशार एक युक्ती आहे. कंपायलर बांधताना प्रोसेसरच्या वर्णनातून काही हेडर फायली आपोआप तयार होतात. वर्णनात छोटा बदल झाला की त्या पुन्हा तयार होणार, आणि त्यांच्यावर अवलंबून असलेलं सगळं पुन्हा कंपाइल होणार. म्हणून नवं हेडर आधी तात्पुरत्या नावानं लिहितात. मग 'मूव्ह इफ चेंज' ही छोटी स्क्रिप्ट जुन्या आणि नव्याचा मजकूर ताडून बघते. सारखा असेल तर नवं फेकून देते, त्यामुळे जुन्याची तारीख जुनीच राहते. काम झाल्याची नोंद वेगळ्या शिक्का-फाइलवर जाते. पुढचं काहीही कंपाइल होत नाही, कारण खरंच काही बदललेलं नाही. तारखेवर चालणाऱ्या मेकमध्ये मागच्या दारानं मजकूर तपासणं आणलंय! पाऊण तास वाचवायचा होता तर मला हे करता आलं असतं. इथे वेळ वाचतो तो आधी तपासून.

फेल्डमन यांना हे ठाऊक होतं

आता निबंधाकडे. युनिक्सच्या सातव्या आवृत्तीबरोबर याच मथळ्याचं फेल्डमन यांचं टिपण दिलं जायचं. शेवटी सूचना आणि इशाऱ्यांचा छोटा भाग आहे. त्यात तारखा नव्या करण्याच्या या पर्यायाबद्दल ते स्पष्ट सांगतात: हेडरमध्ये नुसती नवी व्याख्या घातली असेल, बदल निरुपद्रवी आहे याची पक्की खात्री असेल, तर यानं खूप वेळ वाचतो. पण जपून, कारण यामुळे मेकचा हेतूच उलटा होतो आणि आधीच्या संबंधांची आठवण पुसली जाते.

हा भाग वाचून मी गप्प बसले. माझी चूक त्यांनी मी जन्मायच्या कितीतरी आधी लिहून ठेवली होती.

आणि तरीही माझी मुख्य तक्रार इथेच आहे. 'आठवण पुसली जाते' हे वाक्य नीट बघा. पुसली का जाते? कारण मेककडे स्वतःची आठवणच नाही. त्याची नोंदवही म्हणजे फायलींच्या तारखा, आणि त्या नोंदवहीवर कुणीही काहीही लिहू शकतं: एडिटर, गिट, टार, दुसऱ्या मशीनचं घड्याळ, आणि मी. पुरावा आणि निकाल एकाच रकान्यात लिहिलेले. 'हे तेव्हा कंपाइल झालं' आणि 'हे ताजं समजा' या दोन वेगळ्या गोष्टी, पण दोन्ही एकाच तारखेत नोंदवल्या की नंतर वेगळ्या काढता येत नाहीत. माझ्या दीडशे फायलींत कोणत्या खऱ्या ताज्या आणि कोणत्या सांगण्यापुरत्या, हे मेकला विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. मला कळलं ते योगायोगानं, सगळ्या वेळा एकाच मिनिटातल्या निघाल्या म्हणून.

ग्नू मेकच्या मॅन्युअलमध्ये या पर्यायाची सुरक्षित पद्धत दिलीय. आधी साधं मेक चालवा, म्हणजे जे खरंच बाकी आहे ते होऊन जाईल. मग हेडरमध्ये तो निरुपद्रवी बदल करा. मग 'मेक -टी'. माझी पहिली पायरी राहिली. पण बघा, पायरी राहिली हे सांगणारं यंत्रात काहीच नाही. सुरक्षितता मॅन्युअलमध्ये आहे, मेकमध्ये नाही. इशारा लिहिणं आणि इशारा अमलात आणणं यातला फरक फेल्डमन यांनी वापरणाऱ्यावर सोडला. डझनभर सहकाऱ्यांसाठी लिहिलेल्या साधनाला ते चाललं. लाखो लोकांच्या हातात गेल्यावर नाही.

मग मजकूरच तपासावा का?

पुढच्या पिढीनं वेगळी नोंदवही ठेवली. स्कॉन्स फाइलच्या मजकुराचा हॅश काढून ठेवतं. बेझलही हॅशवरच चालतं. निंजा तारखाच बघतं, पण कोणत्या कमांडनं फाइल बनली याची नोंद स्वतःकडे ठेवतं, म्हणजे पर्याय बदलले की त्याला कळतं.

या सगळ्यांची नीट मांडणी 2018 च्या 'बिल्ड सिस्टिम्स आ ला कार्त' या निबंधात आहे. लेखक आंद्रे मोखोव्ह, नील मिचेल आणि सायमन पेटन जोन्स. ते म्हणतात की प्रत्येक बिल्ड सिस्टिम दोन प्रश्नांची उत्तरं देते: कामं कोणत्या क्रमानं करायची, आणि एखादं काम पुन्हा करायचं की नाही हे कसं ठरवायचं. दोन्ही प्रश्न सुटे करून ते तक्ता बनवतात. त्यात मेक एका चौकटीत, बेझल दुसऱ्या, आणि एक्सेलसुद्धा एका चौकटीत! सेल बदलला की कोणते सेल पुन्हा मोजायचे, हाही तोच प्रश्न. वर्गीकरण कसं करावं हे शिकायला यापेक्षा चांगला निबंध मला माहीत नाही. कॉमेंट बदलली पण ऑब्जेक्ट फाइल तीच निघाली तर पुढे थांबायचं, या कल्पनेला तिथे नाव आहे. जीसीसीनं मागच्या दारानं आणलं होतं तेच.

पण हॅश आला म्हणून नाचू नका. हॅश फक्त एवढंच सांगतो की तुम्ही यादीत लिहिलेल्या फायली बदलल्या की नाही. यादीत नसलेल्या गोष्टीचा हॅश कुणी काढत नाही. गंमत म्हणजे सीकॅश हे साधन सोर्सचा हॅश काढून आधीचा निकाल परत देतं, पण तोच कंपायलर आहे का हे ओळखायला मूळ सेटिंगमध्ये कंपायलरच्या फाइलचा आकार आणि तारीखच बघतं. तारखेपासून सुटका होत नाही, ती नुसती एक पायरी खाली सरकते. म्हणजे हॅश ही चांगली प्रॉक्सी आहे, पण प्रॉक्सीच.

तुम्हाला यातून काय घ्यायचं

रोजच्या कामात तारखांवरचं मेक खुशाल वापरा. मीही वापरते. पण कागदावर जाणारा प्रत्येक आकडा वेगळ्या नियमानं यायला हवा. माझे नियम आता असे आहेत:

रोजच्या फोल्डरमधून आकडा काढायचा नाही. रिकाम्या फोल्डरमध्ये गिटवरून नव्यानं उतरवायचं, पहिल्यापासून कंपाइल करायचं, आणि मग मोजायचं. पाऊण तास जातो, जाऊ दे. रात्री लावून झोपा.

आकड्याच्या शेजारी कमिटचा क्रमांक, कंपायलरची आवृत्ती आणि दिलेले पर्याय लिहून ठेवायचे. हे प्रोग्रामकडूनच छापून घ्या, हातानं लिहिलेलं विसरतं.

प्रयोगाच्या झाडात 'मेक -टी' बंद. वेळ वाचवायचाच असेल तर मजकूर ताडून बघणारी युक्ती वापरा.

निकाल फार छान आला, तर आधी संशय घ्या. वाईट निकाल आपण दहा वेळा तपासतो, चांगला एकदाही नाही. माझ्या गाइडनी विचारलेला प्रश्न मी स्वतःला विचारायला हवा होता.

आणि निबंध वाचताना, कुठल्याही विषयाचा असो, समासात एक ओळ लिहा: यांना जाणून काय घ्यायचंय, आणि ते मोजतायत काय? दोन्ही उत्तरं वेगळी असतील तर त्यांच्यामधली फट शोधा. टीका तिथे सुरू होते. हे फक्त संगणकशास्त्रापुरतं नाही. वारणा परिसरातल्या सत्तर गावांत 1998 साली 'वायर्ड व्हिलेजेस' प्रकल्पात संगणक आले. त्यावर अभ्यास करायचा झाला तर 'किती संगणक बसले' हे मोजायला सोपं आहे. शेतकऱ्याला त्याचा उपयोग किती झाला, हा खरा प्रश्न आहे. कुणी पहिलं मोजून दुसऱ्याचं उत्तर दिलं, तर तुम्ही हात वर करायचा.

जाता जाता एक छोटा प्रयोग, आजच करून बघा. दोन ओळींचा सी प्रोग्राम लिहा, मेकफाइल लिहा, मेक चालवा. सोर्सची तारखेसकट एक प्रत बाजूला ठेवा. मग सोर्समध्ये छापायचा शब्द बदला, मेक चालवा, नवा शब्द दिसेल. आता जुनी प्रत तारखेसकट जागेवर परत ठेवा आणि पुन्हा मेक चालवा. मेक म्हणेल, सगळं ताजं आहे. प्रोग्राम चालवा. फाइलमध्ये एक शब्द असेल आणि स्क्रीनवर दुसरा.

तो स्क्रीनवरचा शब्द म्हणजे माझा तीन आठवड्यांचा तक्ता होता.